मातीतल्या कोळ्याचे बारसे

मृग नक्षत्र लागून पहिला जोराचा पाऊस पडून गेला, की नाशिकच्या आसपासच्या माळांवर आणि शेतांच्या बांधांवर लाल मखमलीचे ठिपके चालू लागतात. पोरे ते तळहातावर घेतात, काड्यापेटीत कोंबतात, पाटीवर सोडून त्यांची शर्यत लावतात. हा मृगाचा किडा. संस्कृतात त्याला इंद्रगोप म्हटले, हिंदीत बीरबहूटी. तो दिसला की घरातली जुनी माणसे पेरणीच्या गोष्टी काढतात. थोड्याच दिवसांत तो दिसेनासा होतो आणि पुढच्या मृगापर्यंत कुणाला त्याची आठवणही येत नाही.

किडा म्हणवत असला तरी तो कीटक नाही. पाय मोजले तर आठ भरतात. कोळी, विंचू, गोचीड यांच्या भावकीतला हा प्राणी. वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस तो मातीच्या पोटात काढतो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात त्याचे एक भावंड राहते, डायनोथ्रॉम्बियम पँडोरे. लॉइड टेव्हिस आणि अर्विन न्यूवेल या दोघांनी त्याच्यावर पाळत ठेवून १९६२ मध्ये जे लिहिले ते वाचताना आपल्या माळावरचीच गोष्ट वाटते. पाऊस पडून गेला की हा जीव बिळातून वर येतो, काही तास उन्हात हिंडतो, वाळवी खातो आणि पुन्हा जमिनीत शिरतो. जगाला तो दिसतो तेवढ्याच तासांत.

मातीतल्या कोळ्यांपैकी मराठीने लाडाने नाव ठेवले ते या एकाचे. बाकीच्यांना नावे मिळाली ती त्यांनी दिलेल्या त्रासावरून. द्राक्षबागेत पाने तांबूस पडायला लागली की बागायतदार ‘लाल कोळी आला’ म्हणतो आणि फवाऱ्याच्या तयारीला लागतो. कातडीत शिरून बोगदे काढणारा कोळी आपल्याला ‘खरूज’ या शब्दातून माहीत आहे. गुरांच्या कानामागे फुगलेली गोचीड हीसुद्धा याच कुळातली, फक्त आकाराने थोराड. कांद्याच्या बुडाशी, मुळांच्या चकतीत राहून कांदा सडवणाऱ्या ऱ्हायझोग्लिफसला मात्र लासलगावच्या बाजारातही वेगळे नाव नाही. सडलेला कांदा बाजूला फेकला जातो, त्याच्यासोबत तोही जातो.

आता इथे भाषेची एक अडचण मान्य करून पुढे गेले पाहिजे. ‘कोळी’ म्हटले की एकाच्या डोळ्यांसमोर जाळे येते, दुसऱ्याच्या होडी. इंग्रजीत माइट म्हणतात त्या सूक्ष्म जिवालाही शेतीखात्याच्या पत्रकांत कोळीच म्हणतात. जाळे विणणाऱ्या कोळ्याला कंबर असते, शरीराचे दोन भाग ठळक दिसतात. या बारक्या कोळ्याचे अंग एकसंध, थेंबासारखे. जाळे बहुतेकांना विणता येत नाही. या लेखात कोळी म्हणजे हाच, आणि त्यातही मातीत राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

असे कोळी किती? साऱ्या जगात मिळून पन्नास हजारांहून अधिक जातींची वर्णने झाली आहेत. लिनियसने १७५८ मध्ये यादी केली तेव्हा जेमतेम तीसेक होत्या. मातीत आणि पालापाचोळ्यात सर्वांत जास्त भरणा ज्यांचा, त्या ऑरिबॅटिड गटाच्या सुमारे ११,००० जाती आज कागदावर आहेत. जंगलातल्या एका चौरस मीटर जमिनीत ते हजारोंनी असतात, थंड प्रदेशातल्या जाड पाचोळ्यात लाखाच्या घरातही जातात. एकेकाचा आकार खसखशीच्या दाण्याच्या अर्धा किंवा पाव. तपकिरी, चकचकीत, पाठ कडक. भिंगाखाली पाहिले तर छोटे कासव किंवा पॉलिश केलेले बी वाटावे. काहींच्या कवचात चुन्याचे क्षार असतात. काहींना दोन्ही बाजूंना पंखांसारखे पडदे असतात, धोका वाटला की पाय त्या पडद्यांखाली जातात. एक गट तर डबीचे झाकण मिटावे तसा डोके आणि पाय आत घेऊन मिटतो. मग मुंगीने कितीही खटपट केली तरी हाती फक्त गोळी लागते.

त्यांचे वय ऐकून मान तुकवावी लागते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या गिल्बोआ इथल्या खडकात ऑरिबॅटिडांचे जीवाश्म सापडले, ते सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचे. ज्या काळ्या दगडात नाशिकची पांडवलेणी कोरली आहेत, ज्या दगडाचे अंजनेरी आणि ब्रह्मगिरी आहेत, तो लाव्हा ओतला गेला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे सह्याद्रीचा दगड तयार व्हायच्या कितीतरी आधीपासून हे जीव कुठे ना कुठे पाने कुरतडत होते.

‘नवी जात सापडली’ ही बातमी वाचताना मनात नेमके काय उभे राहते, यावर पुढचे बरेचसे अवलंबून आहे. नवी म्हणजे नुकतीच जन्मलेली नव्हे. ती जागच्या जागी होती, फक्त पुस्तकात नव्हती. नाशिककरांना याचे उदाहरण फार लांब शोधायला नको. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात पावसाळ्यात फुलते. हनुमंताच्या दर्शनाला जाणारे हजारो पाय तिच्या बाजूने गेले. शिवाजी विद्यापीठाचे श्रीरंग यादव आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा ती सेरोपेजिया अंजनेरिका झाली. ते तर फूल होते, डोळ्यांना दिसणारे. त्याच पठारावरच्या मुठीभर मातीत अर्ध्या मिलिमीटरचा प्राणी असेल तर त्याने किती वाट पाहायची?

सापडणे आणि वर्णन होणे यांत फरक आहे, आणि या विषयाची खरी कथा त्या फरकात आहे. सापडायला एक दुपार पुरते. वर्णनाला महिने लागतात, कधी वर्षे. दरम्यान तो प्राणी बाटलीत असतो आणि विज्ञानाच्या हिशेबी अस्तित्वातच नसतो. त्याच्याविषयी कुणी काही पाहिले तरी ते कोणत्या नावाखाली मांडायचे? दोन गावांतल्या दोन अभ्यासकांनी तोच जीव पाहिला असेल तर त्यांना एकमेकांचे पाहिलेले जुळवून घेता येत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या जमिनीसारखी त्याची गत होते. कसणारा आहे, पीक आहे, नोंद नाही.

दुपारचे काम आधी सांगू. ओंजळभर पालापाचोळा आणि खालची दोन बोटे माती कापडी पिशवीत घ्यायची. प्लास्टिकची पिशवी घेतली तर आत घाम धरतो आणि प्राणी मरतात. घरी किंवा प्रयोगशाळेत आणून ती चाळणीवर पसरायची, चाळणीखाली नरसाळे, नरसाळ्याखाली अल्कोहोलची बाटली, वर साधा विजेचा बल्ब. युक्ती अंतोनियो बेर्लेझे या इटालियन कीटकशास्त्रज्ञाची, १९०५ सालची. त्याने नरसाळ्याभोवती गरम पाणी खेळवले होते. स्वीडनच्या आल्बर्ट टुल्ग्रेनने १९१८ मध्ये पाण्याऐवजी दिवा लावला आणि तीच रीत जगभर टिकली. वरून माती वाळत जाते, प्राणी ओलाव्याच्या मागे खाली सरकतात, चाळणीच्या भोकातून सुटतात आणि टपकतात. आपले काम दुपारचे, त्यांना उतरायला तीन ते सात दिवस लागतात. घाई करून मोठा बल्ब लावणाऱ्याला बाटलीत काही मिळत नाही, कारण हळू चालणारे कोळी अर्ध्या वाटेतच सुकून जातात. ऑरिबॅटिड हळूच चालतात.

बाटलीत मग काय उतरते? मातीचा गाळ, मुंग्या, उड्या मारणारे बारीक पांढरे स्प्रिंगटेल, एखादी गोम, आणि तळाशी तपकिरी कण. नवख्याला ते वाळूचे वाटतात. बारीक ब्रशने एकेक कण वेगळा करावा लागतो.

आता महिन्यांचे काम. कवच गडद असते, आरपार दिसत नाही. म्हणून प्राण्याला लॅक्टिक आम्लात ठेवतात. आम्ल आतले मांस विरघळवते, कवच फिकट होत जाते. मग मध्ये खळगा असलेल्या काचपट्टीवर त्याला घेतात आणि वर पातळ काच अर्धवट सरकवतात. ही पातळ काच या सगळ्या व्यवहारातली सर्वांत हुशार वस्तू. तिला सुईच्या टोकाने केसभर ढकलले की खाली अडकलेला कोळी गडगडतो. पाठ दिसते, आणखी ढकलले की कूस, आणखी थोडे की पोट. चित्र काढणारा असा एकाच जिवाला तासन्‌तास लोळवत बसतो. मऊ अंगाच्या कोळ्यांसाठी हॉयरचे द्रावण वापरतात. त्यात डिंक, ग्लिसरीन, क्लोरल हायड्रेट आणि पाणी असते. हा डिंक बाभळीच्याच गोत्रातल्या झाडाचा.

चित्र अजूनही हाताने काढतात. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा नावाची नळी जोडलेली असते, तिच्यातून डोळ्याला प्राणी आणि कागदावरची पेन्सिल एकाच वेळी दिसतात. आज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे झगझगीत फोटो मिळतात, तरी रेषाचित्राला पर्याय झालेला नाही. फोटो जे समोर आहे ते सगळे दाखवतो. चित्रकाराला काय महत्त्वाचे आहे ते ठरवावे लागते, आणि चूक केली तर ती त्याच्या नावावर राहते.

महत्त्वाचे म्हणजे काय? केस. मातीतल्या कोळ्याच्या वर्णनात निम्मी पाने केसांची असतात. हे वाचून कुणाला हसू आले तर त्याने फ्रान्स्वा ग्रांझाँचे चरित्र पाहावे. हा माणूस १८८२ मध्ये जन्मला, शिक्षणाने खनिजांचा अभ्यासक. द्रवरूप स्फटिकांवर त्याचे काम आहे. चाळिशी ओलांडल्यावर तो कोळ्यांकडे वळला आणि १९७५ मध्ये मरेपर्यंत त्यांच्यातच रमला. कोळ्याच्या अंगावर कुठला केस कुठे उगवतो, बाल्यावस्थेपासून प्रौढ होईपर्यंत कोणता केस कधी येतो, याची त्याने अक्षरांची एक लिपीच बसवली. तोंडाजवळच्या जोडीला ‘रो’, तिच्यामागच्या जोडीला ‘ले’, त्यामागे ‘इन’. आज रशियातल्या त्यूमेनमधला अभ्यासक असो की कोलकात्यातला, दोघेही हीच लिपी वापरतात.

त्याची दुसरी करामत आणखी गमतीची. खनिजे ओळखताना भूशास्त्रज्ञ ध्रुवीकृत प्रकाश वापरतात. ग्रांझाँने त्याच प्रकाशात कोळी ठेवले आणि काहींचे केस अंधारात उजळून निघाले, काहींचे नाही. केसाच्या गाभ्यातल्या पदार्थाचा तो गुण होता. त्यावरून कोळ्यांचे दोन मोठे तट पडले. मृगाचा किडा आणि ऑरिबॅटिड उजळणाऱ्या तटात, गोचीड दुसऱ्या. हे दोन्ही तट खरोखर एकाच पूर्वजापासून आले की नुसते एकसारखे दिसतात, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. दगड ओळखणाऱ्याने जीवशास्त्रात वाद लावून दिला, असे क्वचितच घडते.

केसांखेरीज आणखी एक खूण वर्णनात हटकून येते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वाटीसारखा खळगा आणि त्यातून उगवलेला एकेक लांब केस. हवेचा झोत, जमिनीचा कंप या केसाला कळतो. तो कुणाचा धाग्यासारखा असतो, कुणाचा गदेसारखा, कुणाचा चवरीसारखा. जवळच्या दोन जाती वेगळ्या ठरवताना पुष्कळदा वाद या गदेच्या टोकावर येऊन थांबतो. टोक गुळगुळीत की काटेरी? मोजमाप मायक्रोमीटरमध्ये. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाड, आणि इथे सगळा कोळीच तीनशे ते सातशेचा.

अशा वर्णनाचा साचा ठरलेला असतो आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याला तो रुक्ष वाटतो. सुरुवातीला थोडक्यात ओळख, मग अंगाचा भाग न्‌ भाग, मग पाय, प्रत्येक पायाच्या प्रत्येक सांध्यावरचे केस, नमुने कुठे, कधी, कशातून मिळाले, नावाची व्युत्पत्ती, शेवटी जवळच्या जातींशी तुलना. हा शेवटचा भाग आधी वाचावा. तिथे लेखकाची खरी परीक्षा असते. ‘ही जात वेगळी आहे’ म्हणणे सोपे. ‘अमुक जातीहून अमुक तीन बाबतींत वेगळी, आणि तो फरक वयाचा किंवा लिंगाचा नाही’ हे दाखवणे अवघड.

वयाचा फरक ही थट्टा नव्हे. ऑरिबॅटिड अंड्यातून निघतो तेव्हा त्याला सहा पाय असतात. मग तीन पायऱ्यांच्या बाल्यावस्था, नंतर प्रौढ. पिल्लू फिकट, मऊ, सुरकुतलेले, आणि आईबाप तपकिरी कासव. पूर्वीच्या अभ्यासकांनी पिल्लांना स्वतंत्र जाती समजून नावे दिल्याची उदाहरणे आहेत. नंतर कुणीतरी प्राणी पाळला, वाढवला आणि दोन नावांचे एक झाले. आईबापाविषयी बोलायचे तर आणखी एक गुंता आहे. ऑरिबॅटिडांच्या साधारण दहा टक्के जातींत नर नसल्यात जमा आहेत, माद्याच माद्या जन्माला घालतात. ऑपिएला नोव्हा ही जगभर आढळणारी अशी एक जात. २०२१ मध्ये तिच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती एकमेकींपासून दूर दूर गेल्या आहेत, नराविना फार मोठा काळ गेल्याचा तो पुरावा. ज्यांच्यात मीलनच नाही त्यांच्यात ‘एक जात’ कशाला म्हणायचे, याचे उत्तर शाळेच्या पुस्तकातल्या व्याख्येत नाही.

आता नाव. ते लॅटिन वळणाचे हवे, आधी कुणी दिलेले नसावे आणि प्रजातीच्या, म्हणजे जीनसच्या, व्याकरणातल्या लिंगाशी जुळणारे असावे. प्रजातीचे नाव स्त्रीलिंगी किंवा पुल्लिंगी असेल तर गावावरून ‘नाशिकेन्सिस’ होईल, नपुंसकलिंगी असेल तर ‘नाशिकेन्से’. एकदा छापले की अक्षरे बदलत नाहीत. इंग्रजांच्या काळात ‘नासिक’ अशा स्पेलिंगवरून एखादे नाव पडले असेल तर आज शहराचे स्पेलिंग बदलले म्हणून त्या प्राण्याचे बदलणार नाही. स्वतःचेच नाव स्वतःच्या शोधाला देण्यावर नियमांत बंदी नाही, फक्त तसे करणाऱ्याकडे बिरादरी पुन्हा सरळ नजरेने पाहत नाही. २०१२ पासून निव्वळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकातले वर्णनही ग्राह्य धरतात, मात्र लेखाची झूबँक या नोंदवहीत आधी नोंद लागते.

ज्या एका नमुन्यावर नाव बांधले जाते तो नमुनेदार प्राणी, होलोटाइप, यापुढे व्यक्तीच्या मालकीचा राहत नाही. भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्यातच तरतूद आहे, की नवी जात शोधणाऱ्याने ती नियुक्त संस्थेला कळवावी आणि नमुना तिथे जमा करावा. प्राण्यांसाठी अशी मुख्य संस्था म्हणजे १९१६ मध्ये स्थापन झालेले भारतीय प्राणी सर्वेक्षण, मुख्यालय कोलकात्याला. नाशिकहून जवळचे त्यांचे केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. भारतात ऑरिबॅटिडांचे पुष्कळसे काम कोलकात्याच्या या संस्थेत आणि केरळच्या कालिकत विद्यापीठात झाले. द्राक्ष, नारळ, मिरची यांच्यावरच्या कोळ्यांसाठी बंगळूरला कृषिसंशोधनाचे केंद्र उभे राहिले. जिथे पैसा बुडतो तिथे अभ्यास होतो, हे साहजिक आहे. मातीतला कोळी कुणाचे पैसे बुडवत नाही, हाच त्याचा तोटा.

अगदी बुडवत नाही असेही नाही. शेळ्यामेंढ्यांच्या आतड्यात मोनिझिया नावाचा पट्टकृमी होतो. एका जनावराकडून तो दुसऱ्याकडे कसा जातो हे कोडे बराच काळ सुटत नव्हते. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या होरेस स्टंकार्डने दाखवले, की मधला मुक्काम ऑरिबॅटिडात असतो. लेंडीतून पडलेली कृमीची अंडी कोळी खातो, त्याच्या पोटात कृमीची पुढची अवस्था तयार होते, कोळी ओल्या गवतावर चढतो आणि मेंढी गवतासोबत त्याला गिळते. सकाळच्या दवात कोळी गवताच्या पात्यांवर जास्त असतात. सिन्नर-येवल्याच्या बाजूला मेंढ्या घेऊन हिंडणाऱ्या धनगराला या साखळीतला कोळी ठाऊक नसेल, पोट फुगलेले कोकरू नक्की ठाऊक आहे. आता हा मुक्काम सगळ्याच जाती देत नाहीत. कोणत्या देतात हे ठरवायचे तर आधी त्या जाती ओळखता आल्या पाहिजेत. गाडी पुन्हा वर्णनाशी येते.

दुसरे उदाहरण मध्य अमेरिकेतले. तिथल्या भडक रंगाच्या विषारी बेडकांचे विष कुठून येते, याचा माग काढताना २००५ आणि २००७ मध्ये अभ्यासक ऑरिबॅटिडांपर्यंत पोहोचले. बेडूक कोळी खातो आणि त्यांच्यातली अल्कलॉइडे कातडीत साठवतो. ज्या शेलोरिबॅटिस गटात ही रसायने मिळाली, त्या गटाचे कोळी भारताच्या मातीतही आहेत. तिसरे उदाहरण नुसत्या ताकदीचे. आर्केगोझेटीस लाँगिसेटोसस या जातीचे वजन एका मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढे. जर्मनीत २००७ मध्ये मोजणी झाली तेव्हा खडबडीत पृष्ठभागाला नख्यांनी धरून राहताना तिने स्वतःच्या वजनाच्या ११८० पट ओढ सहन केली. जपानच्या आओकी यांनी या जातीचे वर्णन १९६५ मध्ये केले होते. तेव्हा ते करत होते ते केस मोजण्याचेच रुक्ष काम. याच आओकींनी पुढे मातीतल्या प्राण्यांना गुण देऊन जागेची नैसर्गिक श्रीमंती जोखायची एक सोपी पद्धत बसवली.

नाशिक जिल्ह्याला अशा मोजणीसाठी निसर्गाने फार सोयीची मांडणी करून दिली आहे. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पूर्वेला येवल्यात पाच-सहाशे. मोटारीने दोन-अडीच तासांचे अंतर. एका टोकाला घाटमाथ्याची ओली झाडी, दुसऱ्या टोकाला उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी काळी आणि तिच्या कडेची बरड. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागात नागली-भातासाठी राब भाजतात. पालापाचोळा आणि शेण पसरून जमिनीचा वरचा पापुद्रा तापवला जातो, म्हणजे नेमका कोळ्यांचा मजलाच. भाजलेल्या वाफ्यात आणि शेजारच्या न भाजलेल्या बांधात काय फरक पडतो, आणि पावसाळ्यानंतर कोण आधी परत येतो? दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत वेलीच्या बुडाशी उसाचे पाचट अंथरतात, ठिबकचे पाणी बाराही महिने पडते, वरून औषधे पडतात. रानात न दिसणारी ओल आणि रानात न दिसणारे विष, दोन्ही एकाच सरीत. प्रश्न बागायतदाराला कळण्यासारखे आहेत, आणि त्यांची उत्तरे देता येतील ती तिथल्या कोळ्यांना नावे असतील तरच.

नावे देणाऱ्यांची मात्र वानवा आहे. त्यूमेनचे सर्गेई एर्मिलोव्ह यांच्यासारखा एक माणूस उष्ण प्रदेशातल्या शेकडो जातींची वर्णने करतो. हे त्या माणसाचे मोठेपण, आणि उष्ण प्रदेशातल्या विद्यापीठांना लाज आणणारेही. आपल्याकडे एम.एस्सी. झालेल्या मुलाला जनुक वाचणाऱ्या यंत्राचे आकर्षण असते. ते असावे. पण यंत्रातून आलेली अक्षरे कुणाची, हे सांगायला शेवटी कवच लागते, आणि जनुके काढून घेताना कवच शाबूत ठेवण्याच्या पद्धती आता आहेत. केस मोजायला बसणारा कुणीतरी तेवढा लागतो. त्याला भारी प्रयोगशाळा नको. एक बरा सूक्ष्मदर्शक, दोन सुया, लॅक्टिक आम्लाची बाटली आणि चिकाटी एवढ्यावर ग्रांझाँने आयुष्य काढले.

ज्या वाचकाला या मृगात हात घालून पाहायचा असेल त्याने राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नये. आपल्या परसातला आंब्याखालचा पाचोळा सुरुवातीला पुरेसा आहे. दुधाच्या डब्याचे नरसाळे, पिठाची नव्हे तर रव्याची चाळणी आणि २५ वॅटचा बल्ब एवढ्यात काम भागते. बाटलीत चिठ्ठी टाकायला विसरू नये. तिच्यावर गाव, तालुका, तारीख, झाड आणि मातीची खोली लिहावी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि आठ दिवसांनी कोळी राहतो, गाव राहत नाही.